ताई, सायकॉलॉजी घेऊ की बीएसडब्ल्यू, की दोन्ही एकदम?

बार्शीच्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीये म्हणून नाव नाही, आणि लांब होतं म्हणून थोडं कापलंय. बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची बॅचलर डिग्री.

"ताई नमस्कार. यंदा माझी बारावी आर्ट्स झाली, ७८ टक्के पडले, सायकॉलॉजी विषय होता आणि त्यातच सगळ्यात जास्त मार्क आहेत. माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते, ती ह्यूमन सर्व्हिसेस आणि सायकॉलॉजी असं दोन्ही एकाच डिग्रीत करतीये, मला पण तसंच काहीतरी करायचंय. इथे ॲडमिशनचं बघणारे एक सर आहेत, ते म्हणाले बीएसडब्ल्यू रेग्युलर कर आणि बीए सायकॉलॉजी डिस्टन्सने कर, आता दोन डिग्र्या एकदम चालतात, फी भर म्हणजे पावती देतो. पप्पांचं किराणा दुकान आहे, ते म्हणतात समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते आणि त्याने घर चालतं का. आणि खरं कारण सांगते ताई. माझी आत्या आमच्याकडेच राहते, ती दीड वर्षापूर्वी एकदम गप्प झाली, सहा महिने उंबऱ्याबाहेर गेली नाही, देवऋषी झाले, उतारे झाले, शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक मॅडम होत्या त्यांनी आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, आत्याचं रेशनकार्डाचं अडलेलं काम पण मार्गी लावलं. आता आत्या पापड लाटायला जाते. त्या मॅडम सायकॉलॉजिस्ट होत्या की सोशल वर्कर मला माहीत नाही, पण मला त्या मॅडम व्हायचंय. काय घेऊ?"

अगं पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. लोक मला विचारतात स्कोप कशात आहे, पगार किती मिळेल, आणि तू विचारतीयेस त्या मॅडम कसं व्हायचं. मी २७ वर्षं सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून, म्हणजे मनोरुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबत, काम करतीये आणि तुझ्या पत्रावरून मलासुद्धा सांगता येत नाही की त्या बाई नेमक्या कोण होत्या. गोळ्या समजावणं, घरच्यांना एकत्र बसवणं, रेशनकार्डाच्या मागे लागणं, हे चांगली सायकॉलॉजिस्ट पण करते आणि चांगली सोशल वर्कर पण करते. म्हणजे तुझी ओढ बरोबर आहे, या कामाला दोन्ही लागतं. फक्त दोन्ही कसं घ्यायचं आणि आधी काय घ्यायचं, तिथे त्या सरांनी तुला भलत्याच वाटेला लावलंय, तर ते आधी बोलू कारण पैसे एकदा गेले की परत मिळत नाहीत.

दोन डिग्र्या एकदम चालतात हे खरंय. विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीने २०२२ मध्ये तशी मुभा दिली, एक कॉलेजात जाऊन आणि एक डिस्टन्सने, किंवा दोन्ही कॉलेजात जाऊन पण मग दोघींच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत. पण सायकॉलॉजीचं आता तसं राहिलेलं नाही. २०२१ मध्ये केंद्राचा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात सायकॉलॉजी धरलीये, आणि त्याच्याच आधारे यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्सने किंवा ऑनलाइन शिकवायचं बंद केलंय. एखाद्या विद्यापीठाच्या डिस्टन्सच्या बीएमध्ये बाकीचे विषय चालू राहतील, सायकॉलॉजी नाही. तेव्हा कोणी आत्ता तुला बीए सायकॉलॉजी डिस्टन्सची पावती देत असेल तर ती पावती घेऊ नकोस, फी भरू नकोस, गोड बोलून निघून ये. मला स्वतःला हा निर्णय अर्धा पटतो आणि अर्धा नाही. माणसाच्या मनावर काम करायचं शिक्षण घरी पुस्तक वाचून होत नाही हे मी रोज बघते. पण लग्न झालेल्या, शेतात राबणाऱ्या, तालुक्याच्या गावाला रोज येऊ न शकणाऱ्या कितीतरी बायका डिस्टन्सने सायकॉलॉजी शिकत होत्या, त्यांचं दार बंद झालं आणि त्यांच्यासाठी दुसरं कुठलं उघडलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि दोन्ही रेग्युलर करू का असं मनात येत असेल तर बीएसडब्ल्यूचं टाइमटेबल एकदा डोळ्यांखालून घाल. आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं, म्हणजे वस्तीत, शाळेत, दवाखान्यात, एखाद्या संस्थेत जायचं, परत येऊन त्याचा रिपोर्ट लिहायचा, मग तुझ्या सुपरवायझरसोबत कॉन्फरन्स, त्यात तुझं प्रत्येक वाक्य तपासलं जातं की हे तू का बोललीस, ते का नाही विचारलंस. वर ग्रामीण शिबिर, स्टडी टूर. त्यातून वेळ काढून दुसरी डिग्री केलीस तर दोन्हीकडे नुसती हजेरी लागेल.

तुझ्या मावसबहिणीचं वेगळं आहे. अमेरिकेत ह्यूमन सर्व्हिसेस नावाची डिग्रीच असते. १९६३ मध्ये तिथे कम्युनिटी मेंटल हेल्थचा कायदा झाला, मोठमोठ्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं ठेवलेल्या लोकांना त्यांच्या गावात, घराजवळ उपचार मिळावेत म्हणून, आणि मग त्या लोकांना घर, काम, औषध, कागदपत्रं हे सगळं जुळवून देणारी माणसं लागायला लागली, त्या गरजेतून ही शिक्षणं वाढली. पण तिलाही सांग, त्या डिग्रीवर तिथे सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला साधारणपणे डॉक्टरेट लागते, आणि सोशल वर्करचं लायसन्स हवं असेल तर मान्यता असलेली सोशल वर्कचीच डिग्री लागते. म्हणजे तिकडे पण दोन वाटा शेवटी वेगळ्या होतातच. आपल्याकडे ह्यूमन सर्व्हिसेसच्या सगळ्यात जवळचं म्हणजे समाजकार्य, आणि गंमत बघ, त्याची सुरुवात पण एका अमेरिकन माणसाच्या धडपडीतून झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे गृहस्थ मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस चालवायचे, तिथे काम करताना त्यांना वाटलं की नुसती दया असून भागत नाही, हे शिकवायला पाहिजे, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तुझे पप्पा जे विचारतात ना, समाजसेवेला डिग्री कशाला, तो प्रश्न जवळपास ९० वर्षांपूर्वी नागपाड्यात विचारून झालाय.

आता दोन्ही का लागतं ते सांगते, दोन माणसांवरून.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओपीडीत एक बाई यायची, चाळिशीची, झोप नाही, रडू येतं, हातपाय गळाल्यासारखे. आमच्याकडे सायकॉलॉजीची एक मुलगी ट्रेनिंगला होती, अगदी मन लावून काम करणारी, तिने पीएचक्यू-९ भरून घेतला. ही डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची यादी असते, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. बाईंचे १७ आले. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी आली तेव्हा पुन्हा १७. मुलगी हैराण, तिने पुस्तकं उघडली, डायग्नोसिस बदलावं का म्हणाली. त्याच दिवशी बीएसडब्ल्यूची एक पोरगी फील्डवर्कला आलेली, ती बाहेर बाकड्यावर त्या बाईंच्या शेजारी बसली आणि बोलता बोलता त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली तर बाटलीसोबत गोळ्यांची स्ट्रिप वर आली. स्ट्रिप कात्रीने कापून एकेक गोळी सुटी केलेली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात अर्धी अर्धी मोडून बांधलेल्या चार-पाच पुड्या. बाई रोज अर्धीच गोळी घेत होती. दवाखान्यात यायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, त्या दिवसाचा रोजगार बुडायचा, सासू कटकट करायची, म्हणून एक महिन्याच्या गोळ्या तिने दोन महिने पुरवायच्या ठरवल्या होत्या. तो १७ चा आकडा खरा होता, पण तो का हलत नाही याचं उत्तर त्या नऊ प्रश्नांत कुठेच नव्हतं. मग तिच्या गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी यायची तिथे तिचं नाव घातलं, गोळ्या तिथून मिळायला लागल्या, आणि हळूहळू आकडा उतरला.

दुसरी गोष्ट माझी. १९९७, एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सचं, पहिलं वर्ष. यंत्रमागावर काम करणारा एक माणूस, मशीनमध्ये हात गेलेला, उजव्या हाताची तीन बोटं नाहीत. मला त्याच्या नुकसानभरपाईचं काम दिलेलं. मी झपाटल्यासारखी पळाले, दाखले, सह्या, शिक्के, एकही कागद राहू दिला नाही. शेवटच्या दिवशी तो फाइल हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, हे एवढं झालं की मी मोकळा." मला वाटलं डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून म्हणतोय, मी खूश झाले, रिपोर्टमध्ये तसं लिहिलं पण. आठवड्याच्या आत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्याने वेळेत बघितलं म्हणून वाचला. माझ्या सुपरवायझरनी मला एवढंच विचारलं, तू त्याला विचारलं होतंस का, मरावंसं वाटतं का? मी म्हणाले असं कसं विचारणार, विचारलं तर डोक्यात नसलेलं यायचं. ही समजूत साफ चुकीची आहे, नीट विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते येत नाही, उलट माणसाला सांगायला जागा मिळते. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न नेमका तोच आहे. त्या माणसाचा "मोकळा" हा शब्द मला ऐकू आला पण कळला नाही, कारण मन कसं चालतं हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. पुढे मी जे काही सायकॉलॉजी शिकले ते त्या एका शब्दासाठी शिकले.

आता तुझ्या निवडीकडे येऊ. बीएला सायकॉलॉजी म्हणजे काय ते बारावीच्या पुस्तकावरून ठरवू नकोस. तिथे स्मरण, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व, विकास, सोशल सायकॉलॉजी, ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, आणि संख्याशास्त्र पण, म्हणजे मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, त्याला घाबरू नकोस, दहावीचं गणित सुटलेल्या पोरीला ते जमतं. प्रॅक्टिकल असतं, मुलर-लायरच्या दोन रेषांचा भ्रम मोजायचा, शब्दांच्या याद्या पाठ करून विसरण्याचा वेग बघायचा, टेस्ट द्यायच्या, जर्नल भरायचं. काही मुलींना ते कोरडं वाटतं, दुःखी माणसाशी बोलायला आले आणि हे रेषा मोजायला लावतायत. पण त्यातून एक सवय लागते, आपल्याला वाटतंय म्हणून ते खरं नसतं, तपासून बघायचं. बीएसडब्ल्यूत ही सवय कमी लागते असं माझं मत आहे. तिथे केसवर्क, ग्रुपवर्क, कम्युनिटी ऑर्गनायझेशन या एकेका माणसासोबत, गटासोबत, वस्तीसोबत काम करायच्या पद्धती, कायदे, सरकारी योजना, जात-वर्ग-बाईपण याने माणसाचं काय होतं ते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते फील्डवर्क. अठराव्या वर्षी अनोळखी घराची कडी वाजवून "काकू, दोन मिनिटं बोलू का" म्हणायची जी भीती असते ती बीएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षातच मोडते. सायकॉलॉजीच्या कितीतरी मुली एमए झाल्या तरी ती मोडलेली नसते.

पण एक गोष्ट अशी आहे जी ॲडमिशनवाले सांगत नाहीत आणि तुझ्या निर्णयात मला ती सगळ्यात वजनदार वाटते. एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतो, बीए, बीकॉम, बीएस्सी, कोणीही. एमए सायकॉलॉजीला मात्र बऱ्याच ठिकाणी बीएला सायकॉलॉजी असावी लागते, आणि क्लिनिकलच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या उपचाराच्या, बाजूला जायचं तर ती नसताना वाट फारच अवघड. म्हणजे सायकॉलॉजी घेऊन नंतर समाजकार्याकडे वळता येतं, बीएसडब्ल्यू करून नंतर सायकॉलॉजीकडे वळणं कठीण. तुझं अजून पक्कं ठरलेलं नाही, तुला "त्या मॅडम" व्हायचंय आणि त्या मॅडम दोन्हीपैकी कोणीही असू शकतात, तर तुझ्या जागी मी असते तर बीएला सायकॉलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतली असती.

आणि दोन्ही एकाच डिग्रीत हे तुझं स्वप्न आता आपल्याकडे बरंच शक्य झालंय. नवीन शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, त्यात मेजरसोबत मायनर म्हणजे जोडीचा दुसरा विषय असतो, ओपन इलेक्टिव्ह असतात, आणि फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, कम्युनिटी एंगेजमेंट याला वेगळे क्रेडिट असतात. तीन वर्षांनी डिग्री, चौथं वर्ष केलंस तर ऑनर्स. तर मेजर सायकॉलॉजी, मायनरला समाजकार्य असेल तर उत्तमच, नसेल तर समाजशास्त्र घे. फील्ड प्रोजेक्ट आणि ट्रेनिंगच्या क्रेडिटला बऱ्याच कॉलेजांत कुठूनतरी सर्टिफिकेट आणून चिकटवतात, तू तसं करू नकोस गं. तेच तर तुझं बीएसडब्ल्यू आहे. व्यसनमुक्ती केंद्र, बालगृह, वृद्धाश्रम, महिलांचं समुपदेशन केंद्र, जिथे घेतील तिथे जा, आणि दर आठवड्याला त्याच जागी जा, दर वेळी नवीन नको. वही ठेव. कोण काय बोललं, तू काय बोललीस, मग तो माणूस कसा बसला, कुठे बघायला लागला, हे त्याच रात्री लिही, त्या वहीवर तुझ्या एखाद्या मॅडमना दर पंधरा दिवसांनी बोलायला लाव. एनएसएसमध्ये पण नाव घाल.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकावर जाऊ नकोस. जाऊन विचार, सायकॉलॉजी मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत खरंच चालते का, की पहिल्या वर्षाला शिकवतात आणि पुढे मुलं नाहीत म्हणून बंद. लॅब कुठेय दाखवा म्हण. कुलूप काढायला शिपाई किल्ली शोधत फिरला की समजायचं. पूर्ण वेळ शिक्षक किती ते विचार. मराठीत पेपर लिहिता येतो का विचार, बहुतेक ठिकाणी येतो, पण पुढची चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत तर रोज एक पान इंग्रजीतलं वाचायची सवय आत्ताच लाव.

हे सगळं ऐकूनही तुला वाटलं की मला वस्तीतच, गावातच काम करायचंय, क्लिनिकलमध्ये रस नाही, तर मग बिनधास्त बीएसडब्ल्यू कर, मी तुला अडवणार नाही. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ पासून समाजकार्य शिकवतंय, तिथे बीएसडब्ल्यू आहे. तुझ्या तर अंगणातच, तुळजापूरला, टाटा इन्स्टिट्यूटचा ग्रामीण कॅम्पस आहे, तिथे बीएला सध्या काय चालू आहे ते एसटीने जाऊन विचारून ये, एका दिवसाचं काम आहे. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची, तिचा विचार एमएसडब्ल्यूच्या वेळी कर.

पुढच्या शिड्या पण थोडक्यात सांगते म्हणजे कोणी फसवणार नाही. नुसत्या बीएवर तू कोणाची थेरपी करू शकत नाहीस, सहा महिन्यांचा काउन्सेलिंगचा डिप्लोमा जोडलास तरी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं, तो कायदा १९९२ चा आहे. सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, समाजकार्याची मास्टर्स आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्ण वेळ एम.फिल. दोन्ही वाटा वेगळ्या सुरू होतात आणि एकाच वॉर्डात येऊन मिळतात. फक्त एम.फिल. यूजीसीने बंद करायचं ठरवलंय, या दोन विषयांना मुदतवाढ देत आणलं, आणि आरसीआयने क्लिनिकलला नवीन कोर्स आणलेत, तर तू तिथे पोचशील तोवर नावं बदललेली असतील. तिसऱ्या वर्षाला आरसीआयची वेबसाइट उघडून त्या वेळची मान्यताप्राप्त यादी बघ, एजंटला विचारू नकोस.

आता पप्पा. त्यांच्यावर रागावू नकोस, दुकान चालवणारा माणूस आधी गल्ला बघणारच. त्यांना खरं सांग. या क्षेत्रात सुरुवातीला पगार कमी असतो, सरकारी प्रकल्पांतली पदं बऱ्याचदा ११ महिन्यांच्या करारावर असतात, करार वाढेल की नाही याची दरवर्षी धाकधूक, आणि मला याची चीड येते कारण ज्यांनी दुसऱ्यांना आधार द्यायचा त्यांच्याच पायाखाली जमीन नसते. पण काम नाही असं मात्र नाही. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली वैद्यकीय सोशल वर्कर नेमली गेली, आज सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असं पदच आहे. २५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कायद्याने वेल्फेअर ऑफिसर ठेवावा लागतो. एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात काउन्सेलर, जिल्हा बाल संरक्षण कक्षात काउन्सेलर आणि सोशल वर्कर, फॅमिली कोर्टात मॅरेज काउन्सेलर, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, जिथे रात्री दोन वाजता पण कोणीतरी फोन उचलायला बसलेलं असतं. आणि पोलिसातलं एक उदाहरण पप्पांना आवर्जून सांग. १९८४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्याच आवारात सोशल वर्करची खोली. मार खाऊन आलेली बाई आधी तिथे बसते, पाणी पिते, तिचं ऐकून घेतलं जातं आणि मग ठरतं की तक्रार, कोर्ट, निवारा की नवऱ्याला बोलावणं. तिथे बसणाऱ्या मुलीला कायदा पण माहीत असावा लागतो आणि समोरची बाई का परत त्याच घरी जाते म्हणतीये, हे तिच्यावर न चिडता समजून घ्यायला पण यावं लागतं. हे नुसत्या चांगुलपणाने जमत नाही, शिकावं लागतं, असं पप्पांना म्हण.

शिकलं की येतं, याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. संगाथ नावाची संस्था तिथे १९९६ पासून आहे, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या गावातल्या लोकांना, ज्यांच्याकडे मानसशास्त्राची कुठलीही डिग्री नव्हती अशांना, शिकवून तयार केलं आणि डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ भेटी द्यायला लावल्या. भेटीत काय, तर दिवसभरात काय करता, कुठल्या वेळी थोडं बरं वाटतं, त्यातलं एक काम उद्या परत करू. त्याचा रीतसर अभ्यास झाला, लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि लोकांना फरक पडलेला दिसला. तुझी आत्या पापड लाटायला जाते ना, ते नुसतं टाइमपास म्हणून कोणी सांगितलं नसणार बघ.

एक शेवटचं, आणि हे जरा मोठी बहीण म्हणून. घरात कोणी आजारी पडलेलं बघून या क्षेत्रात येणाऱ्या खूप जणी असतात आणि त्या चांगलं काम करतात. पण समोर बसलेल्या प्रत्येक गप्प बाईत तुला तुझी आत्या दिसेल, आणि मग ती बाई बरी झाली नाही तर तुला रात्री झोप लागणार नाही. ॲबनॉर्मल सायकॉलॉजीचं पुस्तक उघडलं की घरातल्या प्रत्येकाला लेबल लावायचा मोह होईल, तो आवर. आत्याला पेशंट करू नकोस, तिला आत्याच राहू दे. आणि स्वतःला जड झालं तर काउन्सेलरकडे जायला लाजू नकोस, मी गेले होते, त्या यंत्रमागवाल्या माणसानंतर.

आत्याची गोळ्यांची पुढची तारीख कधी आहे ते तिच्या केसपेपरवर बघ. त्या दिवशी तू तिच्यासोबत जा, जमलं तर पप्पांना पण दुकान दोन तास शेजाऱ्याकडे सोपवून ने. गर्दी ओसरेपर्यंत थांब आणि मग त्या मॅडमना विचार, मॅडम, तुम्ही काय शिकलात आणि कुठे शिकलात. त्या काय म्हणाल्या ते मला कळव, आणि कॉलेजच्या लॅबची किल्ली सापडली की नाही ते पण.

तुझी,
ताई